केवड्याचा भाऊबंद तळ्यात: माशांचा व्रणरोग ओळखायचा कसा, आवरायचा कसा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागायतदाराला केवडा हा वेलीचा रोग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. छाटणीनंतर पाऊस लांबला आणि पानाखाली पांढरी लव दिसली की रात्री-अपरात्री ब्लोअर बाहेर निघतो. भुरी या वेलीच्या दुसऱ्या रोगाचं औषध केवड्यावर चालत नाही, हेही त्याला पाठ असतं. त्याच बागेच्या शेततळ्यात ज्यांनी जोडधंदा म्हणून कटला-रोहू सोडलेत, त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. थंडीत माशांच्या अंगावर खोल जखमा पाडणारा जीव केवड्याच्याच भावकीतला आहे.

त्याचं नाव अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स. सगळे त्याला बुरशी म्हणतात, दिसतोही बुरशीसारखा, पण खरी बुरशी वेगळी आणि ही जलबुरशी वेगळी. हिच्या पेशीभित्तीत सेल्युलोजसारखे घटक असतात, आणि माणसाच्या गजकर्णावरची मलमं खऱ्या बुरशीतल्या ज्या घटकावर मारा करतात तो हिच्यात नसतोच. म्हणून ‘अँटीफंगल’ लिहिलेली बाटली दुकानातून आणून तळ्यात ओतली तर पैसे पाण्यात जातात, शब्दशः. केवड्याचं औषध तळ्यात ओतायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर तोही आत्ताच काढून टाका. मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण माशांना विष आहे, आणि क्षार कमी असलेल्या मऊ पाण्यात तर जास्तच. फवारणीची टाकी शेततळ्याच्या काठावर धुणारेही मी पाहिलेत. त्या तळ्यात मासे मेले की दोष मत्स्यबीजाला जातो.

या जिवामुळे होणारा व्रणरोग प्रथम 1971 साली जपानमध्ये नोंदला गेला. भारतात तो 1988 मध्ये ईशान्येकडून शिरला आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पसरला. आज तो जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आहे, म्हणजे आढळला तर सरकारला कळवायचा रोग आहे. इतिहास एवढा पुरे.

बीज सोडण्याआधी: तुमचं पाणी कोणत्या बाजूचं?

सातारा-सांगलीत ‘आमच्याकडचं पाणी’ असं एकच पाणी नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याचा पश्चिम भाग इथे लाल जांभ्याची, आम्लाकडे झुकणारी जमीन आणि धो-धो पाऊस. तळ्यात येतं ते बहुतेक पावसाचं मऊ पाणी. जत, आटपाडी, माण, खटावकडे पाणी जड, क्षार जास्त. व्रणरोगाला मऊ, कमी सामूचं (पीएचचं), थंड पाणी आवडतं. म्हणजे पश्चिमेकडच्यांनी जास्त सावध राहायचं. पूर्वेकडच्यांनी निर्धास्त व्हावं असंही नाही, कारण प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मातीशी संबंध उरत नाही. पाणी कुठून आणून भरलं, त्यावर सगळं ठरतं.

सामू आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) तपासायचं साधं किट आणा. सामू साडेसात ते साडेआठ आणि अल्कलिनिटी शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भागांच्या) पुढे असेल तर बरं. सामू पहाटे आणि दुपारी असा दोनदा बघा. दुपारी शेवाळामुळे तो चढतो, त्या आकड्यावर भुलू नका.

मग मासा कोणता? मरळ या रोगाला फार लवकर बळी पडते. बाजारात तिला भाव चांगला म्हणून नवखे तिच्याकडे वळतात. पहिल्याच वर्षी, पश्चिमेच्या पाण्यात, मी तरी सांगणार नाही. कटला, रोहू, मृगळ या तिघांनाही रोग होतो, विशेषतः बोटुकलीपासून (बोटाएवढ्या पिल्लापासून) अर्धवट वाढलेल्या वयापर्यंत. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी (तिलापिया) मात्र बऱ्यापैकी टिकाव धरतात. ज्या तळ्यात आदल्या वर्षी जखमा दिसल्या तिथे सायप्रिनसचा वाटा वाढवणं हा शहाणपणाचा सौदा आहे, वजनाचा हिशेब थोडा बदलला तरी.

बोटुकली आणल्यावर तळ्यात सोडण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून काढायची. 10 लिटर पाण्याला 200 ते 300 ग्रॅम जाडं मीठ, एक ते दोन मिनिटं. पिल्लं कलंडायला लागली की वेळ न बघता बाहेर. या अंघोळीने अंगावरचे परजीवी आणि वरवरचा मळ जातो. मांसात शिरलेली जलबुरशी मात्र निघत नाही. त्यामुळे अंगावर लाल ठिपके असलेलं बीज कुणी निम्म्या दराने दिलं तरी घेऊ नका.

धोक्याचे दिवस

जोराचा पाऊस आणि त्यामागून उतरलेलं पाण्याचं तापमान, या दोन गोष्टी एकत्र आल्या की रोग उचल खातो. बहुतेक उद्रेक पाणी 18 ते 22 अंशांवर असताना होतात. जलबुरशी स्वतः 20 ते 30 अंशांत मजेत वाढते, पण थंडीत माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि तिचं फावतं. आपल्याकडे म्हणजे परतीचा पाऊस झोडपून गेल्यावर, दिवाळीपासून संक्रांतीच्या मागेपुढे. पश्चिमेकडे भर पावसातही पाणी गार होतं, तिथे लक्ष आधीपासूनच हवं.

पन्नास-शंभर रुपयांचा तापमापक दोरीला बांधून फूटभर खोल सोडा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहा. हवा किती गार आहे ते बघून पाण्याचा अंदाज बांधू नका. हवेपेक्षा पाणी उशिरा थंडावतं आणि उशिराच तापतं.

पुराचं पाणी हा कृष्णा-वारणाकाठच्या गावांचा वेगळा प्रश्न. 2019 आणि 2021 च्या पुरांत काठावरच्या तळ्यांत नदीचे मासे घुसले आणि तळ्यातले नदीत गेले. जंगली मासे हे रोगाचे वाहक असू शकतात. पाणी आत घेताना बारीक जाळी लावली तर ते मासे अडतात. रोगाचे बीजाणू जाळीने अडत नाहीत. ते डोळ्याला न दिसणारे, पाण्यात स्वतः पोहणारे असतात, आणि मासा सापडला नाही तर कवच घेऊन थांबतात आणि पुन्हा पोहायला निघतात.

मासा हातात घेऊन बघा

आठवड्यातून एकदा फेकजाळ्याने थोडे मासे काढा आणि सावलीत, ओल्या हाताने बघा. सुरुवातीला पोटाच्या कडेला, शेपटीच्या बुडाशी किंवा कल्ल्याच्या झाकणावर मोहरीएवढा लाल ठिपका असतो. खवला जागेवरच असतो, लाली त्याच्याखाली असते. बोट फिरवलं तर ती जागा किंचित फुगलेली लागते. दोन-चार दिवसांत खवला उभा राहतो, गळतो, आणि खाली करडी-लाल खळगी दिसते. तिची कड पांढुरकी. मग ती खळगी मांसात खोल उतरते. लाल ठिपक्यापासून खोल व्रणापर्यंतचा प्रवास साधारण दीड-दोन आठवड्यांचा. मरळीत तर डोक्याचं मांस झडून कवटीचं हाड उघडं पडतं आणि तरीही ती श्वास घेत पाण्यावर तरंगत असते. एकदा पाहिलेलं विसरत नाही.

तळ्याच्या काठावरूनही अंदाज येतो. रोगी मासा पृष्ठभागाशी, काठाला, सुस्त पोहतो. सावली पडली तरी दचकून खाली जात नाही. खाद्याच्या पिशवीकडे येत नाही.

इथे नवख्याची गफलत होते ती प्रत्येक जखमेला व्रणरोग समजण्यात. जखमेवर कापसासारखे पांढरे झुपके दिसले आणि खाली मांस शाबूत असेल, तर ती बहुधा सॅप्रोलेग्निया ही दुसरी जलबुरशी. ती जाळ्याने खरचटलेल्या जागी बसते. खरचटलेल्या ठिकाणी चपटा, पारदर्शक, चालणारा किडा दिसला तर ती माशांची ऊ. अंगातून दोऱ्यासारखा काटा बाहेर आलेला दिसला तर तो नांगरकृमी. पोट फुगलं, डोळे बाहेर आले, खवले ताठ झाले तर जिवाणूंचा संशय घ्या. आणि एका रात्रीत, अंगावर एकही डाग नसताना, लहानमोठे सगळे मासे तरंगले तर व्रणरोग शोधत बसू नका. ते ऑक्सिजन संपल्याचं किंवा पाण्यात काहीतरी मिसळल्याचं काम. कृष्णेत मासे मेल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक या जातीच्या असतात.

नक्की निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. व्रणाच्या मधोमधचं सडकं मांस नाही, कडेचं, वरून चांगलं दिसणारं मांस टाचणीच्या डोक्याएवढं घ्यायचं, दोन काचपट्ट्यांत दाबून चपटं करायचं. जाड, फांद्या फुटलेले, मध्ये आडवे पडदे नसलेले तंतू दिसले तर संशय पक्का होत जातो. गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शकही एवढ्याला पुरतो, शिक्षक ओळखीचे असले म्हणजे झालं.

कळवा, आणि नमुना नीट पाठवा

जिल्ह्याला सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय असतं. तिथे आधी फोन, मग फेरी. देशपातळीवर जलचरांच्या रोगांवर नजर ठेवण्याचं काम लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या पुढाकाराने चालतं, आणि 2023 मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाईल ॲपही आलं आहे. त्यावर फोटो आणि माहिती टाकता येते. फोटो काढताना मासा ओल्या गोणपाटावर ठेवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, फ्लॅश बंद करा. ओल्या अंगावर फ्लॅश चमकतो आणि नेमकी जखमच दिसत नाही.

प्रयोगशाळेला मेलेला, वास सुटलेला मासा काही उपयोगाचा नाही. फ्रीजरमध्ये गोठवलेलाही ऊतींच्या तपासणीला चालत नाही. जखम असलेला जिवंत मासा ऑक्सिजनच्या पिशवीत गेला तर उत्तम. नाहीतर व्रणाच्या कडेचा तुकडा, चांगल्या मांसासकट, दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं. ते डोळ्यांना आणि नाकाला झोंबतं, घरात हाताळू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकाकडे विचारा.

आता पाणी मोजा

हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. औषध कोणतं यावर चावडीवर तासभर वाद होतो, पण तळ्यात पाणी किती हे विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात. तळ्याला लागणारं औषध घनमीटरवर ठरतं. ‘एक बाटली टाक’ हे माप नाही.

आपल्या हिशेबाला सोपं माप म्हणजे गुंठा-मीटर: एक गुंठा क्षेत्रात एक मीटर पाणी म्हणजे सुमारे 100 घनमीटर, म्हणजे 1 लाख लिटर. त्यात 1 पीपीएम औषध म्हणजे 100 ग्रॅम.

शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, हे विसरलं की हिशेब कोसळतो. समजा तळं वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, आणि उतार असा की तळाला 21 बाय 21. वरच्या मापाने गुणलं तर 2,700 घनमीटर येतात. पण अर्ध्या खोलीवरची लांबी-रुंदी 25.5 मीटर आहे. 25.5 गुणिले 25.5 गुणिले 3, म्हणजे 1,950 घनमीटरच्या आसपास. खरं पाणी हे. वरच्या मापाने औषध टाकलं तर गरजेच्या दर तीन भागांमागे एक भागाहून जास्त औषध जादा पडतं, आणि माशांना त्रास. त्यात बागेला पाणी देऊन तळं 2 मीटरवर आलं असेल तर पाणी उरतं 1,150 घनमीटर. एका महिन्यात तेच तळं निम्म्याच्या जवळ आलेलं असतं. काठावर रंगाच्या खुणा केलेला बांबू रोवून ठेवा.

काय टाकायचं, काय नाही

लाल ठिपके दिसले त्या दिवशी आधी काय थांबवायचं ते बघा. जाळं ओढणं थांबवा, कारण प्रत्येक ओढीत कातडी खरचटते आणि बीजाणूंना दार उघडतं. खाद्य निम्म्यावर आणा. बाहेरून पाणी घेणं आणि तळ्यातलं पाणी ओढ्यात सोडणं, दोन्ही बंद. मेलेले मासे रोज सकाळी काढा, विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कालव्यात फेकणारे भेटतात. त्यांच्या खालच्या अंगाला दुसऱ्या कुणाचं तळं असतं, एवढंच बोलून मी थांबतो.

चुना हा पहिला उपाय. मासे असलेल्या तळ्यात हेक्टरी 200 किलोच्या प्रमाणात, म्हणजे गुंठ्याला 2 किलो. वरच्या उदाहरणातल्या तळ्याला 18 किलो. इथे पाण्याचं क्षेत्र धरायचं, घनमीटर नाही. शेतीला वापरतात ती चुनखडीची भुकटी सगळ्यात सौम्य. कळीचा (न विरवलेला) चुना मासे असताना एकदम टाकू नका. सामू उसळतो आणि त्या उसळीत पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. चुना आदल्या रात्री पिंपात भिजवा, सकाळी निवळी आणि गाळ दोन्ही ढवळून पातळ करून तळ्यावर सगळीकडे शिंपडा, एका कोपऱ्यात ओतू नका. पूर्वेकडे सामू आधीच साडेआठच्या पुढे असेल तर चुन्याची घाई करू नका, आधी किट बघा.

दुसरं, सिफॅक्स. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्यापाण्यातील मत्स्यपालन संस्थेने खास या रोगासाठी तयार केलेलं द्रावण. प्रमाण एक हेक्टर-मीटर पाण्याला 1 लिटर, म्हणजे गुंठा-मीटरला 10 मिली. वरच्या भरलेल्या तळ्याला सुमारे 195 मिली, आणि पाणी दोन मीटरवर आलं असेल तर 115. एवढंसं औषध बादलीभर पाण्यात मिसळून तळ्यावर समान पसरायचं. लाल ठिपक्यांच्या अवस्थेत टाकलं तर उपयोग दिसतो. हाडापर्यंत पोचलेली जखम त्याने भरत नाही, ते मासे गेलेच समजा.

ईशान्य भारतात चुन्यात हळद मिसळून टाकायचीही पद्धत आहे. सांगलीची हळद 2018 साली भौगोलिक मानांकन घेऊन बसली आहे, त्यामुळे इथल्या माणसाला हा उपाय ऐकायला गोड वाटतो. टाकायची तर टाका, नुकसान नाही. पण हळदीच्या भरवशावर चुना आणि सिफॅक्स लांबवू नका.

मिठाबद्दल नेहमी विचारतात, कारण पाण्यात हजारी दोन भागांपेक्षा जास्त मीठ झालं की ही जलबुरशी वाढत नाही, हे कुठेतरी वाचलेलं असतं. वाचलेलं खरं आहे. आता हिशेब करा: 1,950 घनमीटर पाण्याला घनमीटरमागे 2 किलो, म्हणजे जवळजवळ 4 टन मीठ. आणि तेच पाणी उद्या द्राक्षाला किंवा उसाला. वाळवा-पलूसकडे क्षारपड जमिनींचं दुखणं काय आहे ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. मीठ बादलीतल्या अंघोळीसाठी किंवा घरच्या लहान टाकीसाठी ठेवा.

मॅलाकाइट ग्रीनचं नाव कुणी सुचवलं तर नको म्हणा. खाण्याच्या माशांत त्याला बंदी आहे. प्रतिजैविकांचं म्हणाल तर जलबुरशीवर त्यांचा काही परिणाम होत नाही. व्रणात मागाहून जिवाणू शिरतात हे खरं, पण खाद्यातून प्रतिजैविक द्यायचं का, कोणतं आणि विक्रीआधी किती दिवस बंद करायचं, हे तज्ज्ञाने लिहून दिल्याशिवाय नाही.

विकायचं का, खायचं का

ही जलबुरशी माणसाला लागत नाही. पण उघड्या जखमेत इतर जिवाणू असतात, म्हणून व्रण असलेला मासा विकू नका आणि घरी शिजवू नका. हाताला कापलेलं असेल तर हातमोजे घालूनच मासे काढा. त्याच तळ्यातले स्वच्छ मासे विकायला हरकत नाही. गिऱ्हाईक बातमी ऐकून बिचकतं, भाव पडतो. वजन झालेलं असेल तर धोक्याचे दिवस सुरू होण्याआधी, दिवाळीच्या आधीच मोठे मासे काढून तळं हलकं करणं फायद्याचं. राहिलेल्यांना जागा आणि ऑक्सिजन दोन्ही मिळतं.

जे मासे थोडक्यात वाचतात त्यांच्या जखमा पाणी तापू लागलं की भरून येतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. खवले नीट येत नाहीत, काळसर डाग राहतो. त्यांना पुढच्या बीजाबरोबर तळ्यात ठेवू नका.

तळं रिकामं झाल्यावर

उन्हाळ्यात तळं आटलं की मातीच्या तळ्याचा तळ भेगा पडेपर्यंत वाळू द्या, आणि इथे मात्र कळीचा चुना बिनधास्त वापरा. प्लॅस्टिकच्या शेततळ्यात तळाशी साचलेला गाळ आधी खरवडून काढा, फावड्याने नव्हे, अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटतो. रबराच्या खरवडणीने किंवा झाडूने. चुन्याचं पाणी शिंपडून ऊन लागू द्या. जाळी, ड्रम, बादल्या, पायातले बूट हे सगळं कडक उन्हात वाळवा. शेजाऱ्याचं जाळं मागून आणायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, तिला नाही म्हणणं अवघड जातं. आणलंत तर निदान दोन दिवस उन्हात टाकून मगच आपल्या पाण्यात सोडा.

नवं पाणी भरल्यावर आठवडाभर थांबा, सामू आणि अल्कलिनिटी पुन्हा बघा, आणि मगच बोटुकलीची गाडी बोलवा.